सायकलवर बसवून घेतलेलं माप

रेसिंग सायकल माझ्याकडे आली ती कंपनीतल्या एका इंजिनियर साहेबांमुळे. त्यांची बडोद्याला बदली झाली होती, घरातलं सामान कमी करायचं होतं, आणि जिन्याखाली ठेवलेल्या त्या सायकलीकडे येता-जाता थांबून बघणारी आमच्या लॅबमधली मी एकटीच होते. बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हॅंडल आणि तळहाताएवढी कडक सीट. साहेब म्हणाले, "घेऊन जा. पण नुसती उभी करून ठेवू नकोस."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. मूळची इचलकरंजीची, दिघ्याच्या बाजूला रंग बनवणाऱ्या एका कंपनीत केमिस्ट, आणि राहायला बोनकोड्यात, एका आगरी कुटुंबाच्या घरावर चढवलेल्या खोलीत. शाळेत असताना सायकल भरपूर चालवली होती, त्यामुळे येणाऱ्या रविवारी पहाटे नेहमीचा सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून, मी थेट ठाणे-बेलापूर रोडला लागले.

रबाळ्याच्या जरा पुढे सलवारीचा घोळ चेनमध्ये गेला. मी सायकलसकट रस्त्याच्या कडेला आडवी झाले. लागलं फारसं नाही, पण पाय चेनला बांधल्यासारखा अडकला होता आणि उठता येईना. एका ट्रकवाल्याने गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चाकूने कापड कापलं, चेन परत बसवून दिली आणि जाताना शांतपणे म्हणाला, "बहनजी, ये कपड़ा साइकिल का नहीं है."

म्हणून पुढच्या रविवारी जीन्स घातली. बेलापूरपर्यंत जाऊन आले, कुठे काही अडकलं नाही, आणि घरी येऊन अंगावर पाणी घेतलं तेव्हा कळलं की दोन्ही मांड्यांची आतली कातडी सोलून निघाली आहे. सोमवारी लॅबमध्ये मी सकाळपासून उभीच. शेजारच्या टेबलावर काम करणारी माझी मैत्रीण दुपारी म्हणाली, "खुर्चीशी भांडण झालंय का तुझं?"

संध्याकाळी घरी आले तर घरमालकीण ओट्यावर सुपात जवळा निवडत बसल्या होत्या. त्यांना मी मावशी म्हणायचे. माझी चाल त्यांनी फाटकापासूनच हेरली.

"कं झालं गो? अशी काय चालतंस?"

मी लाजत लाजत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "पॅन्ट आन बगू."

जीन्स आणली. त्यांनी ती उलटी केली आणि दोन पायांच्या मधोमध, जिथे चार शिवणी एकत्र येऊन गाठीसारखं जाड झालं होतं, तिथे अंगठा दाबला. "ही बग. ही शिवन घासली तुला. आमी लावनीला दिवस दिवस वाकून काम केलं, पन मांडी कदी सोलली नाय. लुगऱ्याला शिवन नस्तेच ना." मग त्यांनी उभं राहून स्वतःचा काष्टा मला दाखवला. कापड कुठून कुठे जातं, गुडघ्याच्या वर ते कसं घट्ट बसतं, आणि गाठ पुढे पोटाशी येते, बुडाखाली कधीच नाही. "शिंप्याला सांग, खाली शिवन नको. घनसोलीला जा, त्या जहाजवाल्याकडं. त्याला समजल."

जहाजवाला म्हणजे घणसोली गावातले साठीचे एक कोकणी मुसलमान टेलर. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. उमेदीची वर्षं त्यांनी प्रवासी जहाजावर शिंपीकाम करण्यात घालवली होती. गावात सगळे त्यांना चाचा म्हणायचे. गावठाणातल्या दाटीत त्यांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. मी सगळी हकीकत सांगितली आणि मोठ्या अभिमानाने पिशवीतून इचलकरंजीचं उंची सुती कापड काढलं. वडिलांची सगळी हयात मागावर गेली, कापडातलं मला कळतं असा माझा समज होता.

चाचांनी ते बोटांत चोळून बघितलं. "माल एक नंबर आहे. पण ह्याच्यासाठी नको."

"सुती नको?" मला खरंच वाईट वाटलं.

त्यांनी एक कोपरा पाण्यात बुडवून पिळला, दुसऱ्या एका झुळझुळीत कापडाचा तुकडा तसाच भिजवून पिळला आणि दोन्ही दारातल्या दोरीवर टाकले. आम्ही चहा प्यायलो. चहा संपेपर्यंत त्यांचा तुकडा जवळजवळ सुकला होता, माझा ओलागच्च होता. "सुती घाम पितं आणि धरून ठेवतं," ते म्हणाले. "मग अंगाला चिकटतं आणि घासतं. इंजिनरूममधली माणसं सांगायची मला." दोरीवरचं ते कापड उल्हासनगरच्या बाजारातलं होतं. फुटबॉलवाल्यांच्या बनियनला वापरतात तसलं, ताणलं की ताणणारं.

मी हात पसरून मापासाठी उभी राहिले, तर ते म्हणाले, "असं नाही. सायकल आणलीय ना? तिच्यावर बसा."

सायकल दुकानाच्या भिंतीला टेकवली आणि मी वर बसून हॅंडल धरलं. चाचांनी आतून आपल्या बायकोला बोलावलं, तिच्या हातात टेप दिली आणि स्वतः पाठ करून वही घेऊन बसले. ती पन्नाशीची, अगदी कमी बोलणारी बाई. ती मापं सांगत गेली, ते लिहीत गेले. उभी असताना माझी पाठ जेवढी, त्यापेक्षा वाकल्यावर चांगली चार बोटं लांब भरली. पुढून मात्र पोटाशी कापडाचं बोचकं व्हायला लागलं. "म्हणजे शर्ट मागून लांब, पुढून आखूड," चाचा म्हणाले. "पॅन्टचं इलास्टिक पाठीकडे वर चढवायचं, नाहीतर वाकल्यावर कंबर उघडी पडणार." एव्हाना गल्लीत पाच-सहा बायका जमल्या होत्या. एकीने विचारलं, "ही काय सरकशीत हाय का?" मी सायकलवरून उत्तर दिलं की नाही, कंपनीत आहे.

रंगाची गोष्ट निघाली तेव्हा चाची पहिल्यांदा आपणहून बोलल्या. मी फिकट गुलाबी कापड उचललं होतं. त्या म्हणाल्या, "पिवळं घ्या. ट्रकवाल्याला लांबून दिसायला पाहिजे."

पॅन्ट गुडघ्याच्या खाली वीतभर ठेवायची, हे मी ठरवलं. गावातून जाताना मला लाजून जायचं नव्हतं. बुडाखाली चाचांनी शंकरपाळ्याच्या आकाराचा एकच अखंड तुकडा बसवला, त्यामुळे शिवणी सीटपासून दूर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला गेल्या. आतून मऊपणासाठी फ्लॅनेलचे थर घातले. ते पहिल्याच रविवारी ऐरोलीपर्यंत जाईस्तोवर गोळा होऊन एका बाजूला सरकले. मी तक्रार घेऊन गेले तर चाचा उलट खूश झाले. "आता कळलं काय नको ते." मग त्यांनी ड्रायव्हर लोक गाडीची काच पुसायला वापरतात ते मऊ कातडं आणलं, एकाच थराचं, आणि टाका अंगाला लागणार नाही असं शिवलं. दुसऱ्या खेपेला पॅन्ट जमली.

थंडीच्या दिवसांत आम्ही उरणला जायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी आणि लॅबमधली ती मैत्रीण. तिने भावाची सायकल घेतली होती आणि माझा पिवळा शर्ट बघून मनापासून हसून घेतलं होतं. ती स्वतः जीन्समध्ये होती. मी बजावलं, तर म्हणाली, "मला सवय आहे."

उजाडता उजाडता बेलापूर मागे पडलं. खाडीच्या पुलावर वारा अंगावर आला, घाम आला तसा वाळला. दोन्ही बाजूंना मिठागरांत नुकतंच ऊन पडत होतं आणि मिठाचे ढीग चमकत होते. जासईला आम्ही केळी खायला थांबलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तासाभरात मला एकदाही ओढणी, घोळ, कंबर, मांडी, कशाचीच आठवण झाली नव्हती. मी फक्त रस्ता बघत होते. लहानपणी सायकलवर असायचे तशी.

पिरवाडीच्या किनाऱ्यावर पोचलो तोपर्यंत मैत्रीण सीटवर टेकेनाशी झाली होती. ती वाळूत पालथी पडून राहिली. भाकरी आणि तळलेले बोंबील तिने तसेच, कोपरांवर टेकून खाल्ले.

"बोल," ती म्हणाली. "कुठे राहतो तुझा शिंपी?"

परतीचे पस्तीस-छत्तीस किलोमीटर तिने निम्मे पेडलवर उभं राहून काढले आणि तरी रस्ताभर गाणी म्हटली.

पुढच्या रविवारी दोघी सायकली घेऊन घणसोलीला गेलो. मैत्रिणीचं माप झालं. चाचा कागद कापत बसले होते, तेव्हा चाची माझ्या सायकलीजवळ आल्या आणि हॅंडलवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "मी बसून बघू?"

चाचांनी मान वर केली. "तुला येते?"

"माहेरी यायची. भावाची होती." लग्नाला तीसेक वर्षं झाली होती, आणि हे चाचांना ठाऊकच नव्हतं.

चाची आत गेल्या आणि माझ्या पॅन्टच्याच मापावर, थोडी सैल, स्वतःसाठी शिवलेली एक काळी पॅन्ट घालून, वर लांब कुर्ता आणि डोक्यावरून गच्च बांधलेली ओढणी अशा बाहेर आल्या. पॅन्ट कधी शिवली, ते कुणी विचारलं नाही. मी सीट खाली केली. पहिल्यांदा सायकल भिंतीकडे गेली, दुसऱ्यांदा मैत्रिणीने मागून धरली, आणि तिसऱ्यांदा धरायची गरजच उरली नाही. चाची गल्लीतून तळ्याच्या दिशेने निघाल्या. ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. चाचा कात्री हातात घेऊनच दारात आले.

तळ्याला वळसा घालून त्या परत आल्या, पण दुकानाशी थांबल्या नाहीत. आमच्यासमोरून जाताना फक्त म्हणाल्या, "अजून एक फेरी," आणि पुढे गेल्या.