बरकतपुऱ्याचा चेक गोलकीपर

उदारीकरणानं देशाला काय काय दिलं ते तज्ज्ञ सांगतील. आमच्या बरकतपुऱ्याच्या घराला त्यानं केबल दिली आणि केबलनं मला एक चेक गोलकीपर दिला. लांब केसांचा, दणकट, आणि सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत आपल्याच बचावफळीवर खेकसणारा. त्याचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही. पण तो कित्येक वर्षं राखीव म्हणून बाकावर बसला, मग मुख्य गोली जखमी झाला आणि याचं नशीब उघडलं, असं समालोचक सांगायचा. झालं! मीही कॉलेजच्या संघात बाकच उबवत होतो. म्हणजे अर्धी कारकीर्द जुळलीच की.

उरलेली अर्धी जुळवायला मी केस वाढवले, सुलतान बाजारातून त्याच्यासारखी विटकरी जर्सी आणली आणि ओरडायला शिकलो. चेंडू अडवायचं शिकणं त्या गडबडीत राहूनच गेलं.

वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. अर्धी नोकरी तेलुगू जिल्ह्यांत काढलेली, त्यामुळे तेलुगू मराठीइतकीच सफाईदार. फुटबॉल मात्र त्यांच्या लेखी रिकामटेकड्यांचा उद्योग. तुझा तो चेक कुठे वटतो का, असं जेवताना हमखास विचारायचे. मला खेळताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. ते मला लागायचं, फार लागायचं.

मग एका बँकेची निवडचाचणी निघाली. खेळाडूंची भरती आता बंद होणार, ही शेवटचीच, असं जो तो म्हणत होता. निवड झाली की कायमची नोकरी. या वेळी चेक वटणार, असं मी घरी छातीठोकपणे सांगून टाकलं. वडिलांनी पेपर उघडला.

चाचणीच्या सामन्यात माझ्यापुढचा बॅक श्रीकाकुलमकडचा, नुकताच शहरात आलेला. उंचापुरा, गुणी पोरगा, पण येते ती फक्त तेलुगू, हिंदी-उर्दूचा गंध नाही. आधी दोन शब्द बोलून घ्यावेत की नाही? छे! चेक माणूस बोलत नाही, ओरडतो.

सामना संपत आला तरी बरोबरी होती. तेवढ्यात एक साधा, उंच चेंडू आमच्याकडे आला. बॅकनं तो डोक्यानं सहज बाहेर काढला असता. पण निवड करणारे साहेब बघत होते ना! मी पुढे धावलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "छोडोऽऽ!"

सोड, माझा आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. त्याला ऐकू आलं 'चूडु'. तेलुगूत चूडु म्हणजे बघ. बिचारा आज्ञाधारक. चेंडूकडे पाठ करून त्यानं माझ्याकडे अगदी नीट बघितलं. हा असा काय बघतोय म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. चेंडू त्याच्या टाळूला चाटून उसळला आणि माझ्या डोक्यावरून हल्लू हल्लू जाळ्यात गेला. प्रशिक्षकानं भर मैदानात मला हौला म्हटलं. म्हणजे वेडपट, आणि ते अगदी बरोबर होतं.

नोकरी गेली. मान खाली घालून बाहेर आलो, तर झाडाखाली वडील उभे, हातात पेपर. आता चेकचा उद्धार होणार, अशी मी मनाची तयारी केली.

ते म्हणाले, "चूडु म्हणून ओरडलास ना?"

मी सांगितलं, छोडो म्हणालो होतो.

"मला चूडुच ऐकू आलं. तोवर पेपर तोंडासमोर धरून बसलो होतो. बघायचा धीर होत नव्हता रे. तू बघ म्हणालास, म्हणून बघितलं."

म्हणजे माझ्या अख्ख्या कारकिर्दीतला त्यांनी पाहिलेला खेळ तेवढाच. माझी किटबॅग त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि घर येईपर्यंत मला दिली नाही.