कागदावर तीन, तोंडात दोन

इंदूरला पलासियातल्या त्या क्लिनिकचं दार जोरात आपटता येत नाही. काचेचं आहे, वरती काहीतरी यंत्र लावलंय, ते आपलं सावकाश बंद होतं. मी दोनदा आपटून पाहिलं.

राग पहिल्या दिवशीच आला होता. लकव्यानं बायकोचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात थोडा परत आला, बोलणं नाही. मोठ्या डॉक्टरनं सांगितलं, पहिले सहा महिने काय ती मेहनत करून घ्या, पुढे अवघड आहे. म्हणून मुलगा आम्हाला सुदामा नगरहून इथे घेऊन आला, बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे. मॅडम तरुण, गोड बोलणाऱ्या. पण पहिलाच प्रश्न काय विचारावा? "माताजी, पति का नाम बोलिए."

बायकोनं डाव्या हातानं पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. एकावन्न वर्षांत तिनं माझं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मॅडमनी कागदावर फुली मारली.

मी म्हटलं, "अहो मॅडमजी, ये तो वो अच्छी थी तब भी नहीं बोलती थी!"

मॅडम हसल्या. फुली तशीच राहिली. मी टेबलावर हात आपटला. त्या दिवसापासून मुलानं मला बाहेरच्या बाकावर बसवलं. "बाबा, तुम्ही फार गरम होता. बाहेर बसा, प्लीज."

बसलो. काचेतून दिसायचं, ऐकूही यायचं. मॅडम टेबलावर बोटं वाजवायच्या. रो—टी. पा—नी. तोंड जितक्यांदा उघडतं तितक्यांदा टक. हे मला कुणी शिकवायला नको. मी चौथी शिकलो आणि तीस वर्षं बस अड्ड्यावर गावांची नावं ओरडलो. "खंडवा" ओरडायला सोपं. शेवटी तोंड उघडंच राहतं, "वा" हवा तेवढा लांबवा. "धार" दगा देतं. "धा" पोटातून ताणावा लागतो, आणि "र" गर्दीत कुणाला ऐकूच जात नाही. "उज्जैन" तर मध्येच गळा धरतं. म्हणून मॅडमचं एक मला पटलं होतं, कबूल करतो. आधी उघड्या तोंडाचे शब्द घ्यायचे, मग शेवटी मिटणारे, आणि जोडाक्षरं सगळ्यात मागून. लहान पोरं तशीच शिकतात. मामा, काका, दादा आधी. "स्टेशन" यायला वर्षं जातात, तोवर "टेशन".

घरचा सराव मुलगा घ्यायचा. इंजिनियर आहे. चित्राचं कार्ड धरून पाटावर तीनदा बोट वाजवायचा. "क, म, ल."

"क—मल," मी म्हटलं. "दोनदा वाजव."

"बाबा, तीन अक्षरं आहेत. समोर दिसतायत ना?"

"कागदावर तीन. तोंडात दोन. बोलून तर बघ, भिया!" अड्ड्यावर सगळ्यांनाच भिया, म्हणजे भाऊ, म्हणायची सवय.

त्यानं पुटपुटून पाहिलं, मग म्हणाला, मॅडमना विचारतो. बापाचं ऐकायचं नाही.

बायको कार्डाकडे बघायची आणि "अ" म्हणायची. पाच आठवडे नुसतं "अ".

सहाव्या आठवड्यात मॅडमनी मुलाला सांगितलं, काही फरक दिसत नाही, आता महिन्यातून एकदा आणलंत तरी चालेल. आणि हा मान हलवतोय! मी आत शिरलो. टेबलावर तिची फाईल उघडी होती. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचता येतं. वरतीच, भाषेच्या रकान्यात, मुलाच्या अक्षरात लिहिलेलं: हिंदी. मला वाटत होतं, हिंदी सुरुवातीपुरती आहे, मराठी मागून येईल.

"हे काय लिहिलंस?"

"बाबा, मॅडमना मराठी येत नाही. आणि आईला हिंदी येतेच ना. पूरा इंदौर बोलतं."

येते. भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरती येते. बाकी देवाशी, चुलीशी, माझ्याशी भांडताना, आणि हा पाळण्यात होता तेव्हा याच्याशी ती काय हिंदी बोलली? रिकाम्या घरात स्वतःशी पुटपुटायची तेही मराठीतच. ज्या तोंडात सत्तर वर्षं मराठी बसली, त्याच्यापुढे सहा आठवडे दुसरीच भाषा ठोकली, आणि वर निकाल दिला की फरक नाही.

मी ओरडलो. अड्ड्यावरचा आवाज अजून शाबूत आहे. मॅडमना बोललो, मुलाला जास्त बोललो. "तुला बोलायला जिनं शिकवलं तिला तू मुकी ठरवून मोकळा झालास," म्हणालो. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले.

"पु," बायको म्हणाली.

सगळे थांबले. मी थांबलो नाही, माझ्याच आवाजात मला ऐकू आलं नव्हतं. तिनं डाव्या हातानं माझा सदरा खेचला.

"पु... रे."

"क्या बोलीं?" मॅडम पुढे झुकल्या.

"पुरे," मुलगा म्हणाला. "मतलब, बस करो." आणि खुर्चीत बसून रडायला लागला. इतका मोठा माणूस.

मॅडमनी कोरा कागद पुढे केला. "गलती हो गई, अंकल. आप मराठी के शब्द लिखवाइए. आसान वाले पहले."

मी माफ केलेलं नाही. सहा महिन्यांतले सहा आठवडे वाया गेले, ते कोण आणून देणार? पण खुर्ची ओढली. मुलानं डोळे पुसून पेन घेतलं.

"दूध लिही."

"ते शेवटी मिटतं, बाबा."

"मग चहा लिही."

मॅडमनी दोनदा बोट वाजवलं. बायकोचे ओठ डावीकडे वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या.

"च."

"बहुत अच्छा, माताजी!"

"कसलं अच्छा?" मी म्हटलं. "अर्धाच झालाय. परत म्हण."

बायकोनं माझ्याकडे असं रोखून बघितलं की मॅडमनी खुर्ची मागे घेतली. मग तिनं पुन्हा तोंड उघडलं.