आर्वीपेक्षा जवळ लंडन

दादाला लंडनला शिकायला बोलावणं आलं आणि आमच्या वर्ध्याच्या घरात आई काही तयार होईना. बाबांचा होकार केव्हाच झाला होता, पण आईनं ‘जा’ म्हटल्याशिवाय दादा उंबरठा ओलांडणार नव्हता. तिला सलत होतं ते अंतर. मुंबईच तिच्या लेखी जगाचं टोक, आणि हा त्याच्याही पुढे उडणार!

मी बारा वर्षांची, भूगोलात पहिली, नाक कायम आभाळात. ठरवलं, आईची भीती आपणच घालवायची. शाळेत टकळीवर कातलेलं माझं सूत घेतलं (सूत कसलं, गांडूळच ते; कुठे जाड, कुठे बारीक) आणि जगाच्या नकाशावर मुंबईपासून लंडनपर्यंत ताणलं. आता मैल कसे काढायचे? नकाशाचा खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, त्यासोबत मैलांची पट्टीही गेलेली. मी अडते थोडीच! शेजारी वर्धा जिल्ह्याचा नकाशा होता, त्याची पट्टी लावली. पट्टी ती पट्टी!

उत्तर आलं अठ्ठावीस मैल; मावशीचं गाव आर्वीसुद्धा आमच्या घरापासून याहून लांब. विमान तासाला तीनशे मैल जातं असं पेपरात वाचलं होतं. भागाकार केला. सहा मिनिटंसुद्धा नाहीत! एखादीला शंका आली असती. मी टुणकन स्वयंपाकघरात.

“आई, काऊन घाबरतं वं! मुंबईहून लंडन आपल्या आर्वीपेक्षा जवळ हाय. विमानानं सहा मिनिटं!”

भाकरी थापता थापता आईचा हात थांबला. “सहा मिनिटं? मंग ते गोरे साहेब जहाजात हप्तेच्या हप्ते काऊन बसून राह्यत होते?”

“त्याइले रस्ता माहीत नसंन.”

दारात उभा असलेला दादा पोट धरून मटकन खाली बसला. “अवं शहाणे, सहा मिनिटांत तं विमान मुंबईवरूनच हटत नाई!”

आईचा पदर तोंडाशी गेला. रडते की काय? खांदे गदगदा हलत होते. हसत होती! तव्यावरची भाकरी काळी झाली तरी हसतच होती.

दादानं संधी साधली. “साडेचार हजार मैल हाय, आई. विमान मधे मधे उतरत जाते. एक दिवस, एक रात्र लागते.”

आई डोळे पुसता पुसता थबकली. “एवढंच? तुही मावशी आर्वीहून बैलगाडीनं येते, तिलेबी तेवढंच लागते.”

“हो ना!”

“मंग जा. पण तिच्यासारखा गेल्या जागी ठाण मांडून बसू नको.”

दादा तिच्या पायाच पडला. मी अभिमानानं टम्म फुगले. आर्वीचं नाव पहिल्यांदा मीच तर काढलं होतं! तशीच गल्लीत धावत सुटले, “लंडनले आर्वीच्या बैलगाडीएवढाच वेळ!” अशी घरोघरी बातमी दिली. घाईत विमान सांगायचं राहून गेलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत अर्ध्या आळीला पक्कं ठाऊक झालं होतं की आमचा दादा बैलगाडीनं लंडनला निघालाय.