जागेवर गोठवलेली पानं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बाबांना तर नाहीच — त्यांनी आयुष्यभर युनियनची पत्रकं लिहिली, आणि त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली. पुढे मीही पत्रकं लिहू लागले. खोटं बोलणाऱ्यांवर किती तुटून पडलेय मी! मग हे कुठून सुरू करू? यंत्रापासून करते. ते सोपं आहे.

मी चेन्नईच्या एका प्रयोगशाळेत काम करते. आमचं मास स्पेक्ट्रोमीटर पानातले रेणू वजनावरून ओळखतं. झाडाच्या आत काय चाललंय, याचा माग त्यावरून लागतो. फक्त एक पथ्य — तोडलेलं पान लगेच मरत नाही. ते आतून धडपडत राहतं, बदलत राहतं. म्हणून तोडताक्षणी ते अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून गोठवायचं. जागेवर.

शहराच्या कडेला, अंबत्तूरला कारखान्यांच्या मागे सेल्वी अक्का पालेभाजी लावायच्या आणि गल्लोगल्ली विकायच्या. कारखान्यांचं विष त्यांच्या वाफ्यांत उतरतंय, अशी माझी खात्री होती. पुरावा? तो मिळणारच होता ना! मी पानं मागितली तेव्हा अक्का हसल्या. "घे गं, तुझ्या मशीनला जेवू घाल. मीठ मात्र तुझं तू टाक!"

नायट्रोजनचं भांडं त्या दिवशी मी नेलंच नव्हतं. जड होतं — आणि दुपारी कारखान्यांविरुद्ध लढणाऱ्या आमच्या गटाची सभा होती. पानं पिशवीत, पिशवी झोळीत, झोळी खुर्चीखाली. तीन तास मी बोलत होते, ऐकत होते. संध्याकाळी नमुन्यांवर चिठ्ठी लावली: जागेवर गोठवले. तुलनेसाठी त्याच भाजीची पानं प्रयोगशाळेच्या बागेतली होती. ती मात्र खरोखर जागेवर गोठवली होती.

निकालात अक्कांच्या पानांत ताणाचे रेणू — झाडाला त्रास झाला की बनतात ते — भरमसाट वाढलेले. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी एवढंच विचारलं, "तिथेच गोठवलेस ना?"

"हो सर."

किती सहज गेलं ते तोंडातून!

आठवड्याभरात मी तमिळमध्ये पत्रक काढलं — या पाल्यात विष आहे. विष तर यंत्राने दाखवलंही नव्हतं. मीच भिंतींवर चिकटवलं. अक्कांची टोपली भरलेलीच घरी येऊ लागली. महिन्याभराने गेले तर अक्कांनी वाफ्यांतली रोपं उपटून टाकलेली. अक्का एवढंच म्हणाल्या, "शिकलेली पोर खोटं कशाला लिहील?" त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या. विष पिकवलं म्हणून स्वतःलाच बोल लावत होत्या.

तेव्हा कुठे मी भांडं घेऊन गेले. कोपऱ्यात चार रोपं उरली होती; त्यांची पानं तोडताक्षणी गोठवली आणि कोणाला न सांगता यंत्रात घातली. ताणाचे ते रेणू बागेतल्या पानांइतकेच निघाले. जी धडपड मी कारखान्यांच्या माथी मारली होती, ती माझ्या झोळीतली होती.

बोलले का? नाही. कारखानदार टाळ्या पिटतील, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मला भीती होती ती माझ्या नावाची.

अक्का आता सिरुसेरीच्या एका इमारतीत जिने पुसतात. आपल्या हातची भाजी खाऊन शेजारची मुलं आजारी पडली असतील का, हे त्यांनी मला दोनदा विचारलंय. दोन्ही वेळा मी गप्प राहिले.