आप्पांच्या छातीतले तंतू

बीडच्या डॉक्टरांनी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तपासून सांगितलं, "फिब्रिलेशन आहे. रोज गोळी घ्या, चुकवू नका."

"म्हंजे?" आप्पांनी विचारलं. तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

नेकनूरच्या बसमध्ये आप्पा माझ्यामागं लागले. "तू शाळेत सायन्स शिकवतीस ना? मग सांग." आप्पांनी जन्मभर कापसाची खरेदी केली. चिमूटभर कापूस हातांनी ओढून, धागा किती लांब ते बघितल्याशिवाय कुणाचा माल घेतला नाही. ते न समजलेली गोळी बरी गिळतील!

मी सांगितलं, शब्द मूळ लॅटिन. 'फिब्रा' म्हणजे तंतू. त्याचंच लाडकं, लहान रूप 'फिब्रिला', म्हणजे इवलासा तंतू, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. काळजाच्या स्नायूत असले असंख्य असतात. सगळे एकदम आकसले की ठोका पडतो. तुमच्या वरच्या कप्प्यातले एकेकटेच थरथरतायत, म्हणून फिब्रिलेशन.

"आसं हाय व्हय!" आप्पा खूश. मीही खूश. वर्गात इतकं मन लावून कोण ऐकतं हो!

पुढच्या रविवारी माहेरी गेले तर आप्पा भर उन्हात गच्चीवर, उघडेबंब, छाती वर करून चटईवर आडवे. शेजारी कुरडया वाळत घातलेल्या. गोळ्यांचं पाकीट खाली तसंच, न फोडलेलं.

"आप्पा, हे काय?"

"तंतूच हायेत म्हणलीस ना? थरथरायलेत म्हंजे ओल धरली आसंल. ओल्या कापसाला ऊन दावावं लागतं."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, कळेना. "अहो, कापूस न्हाई ते, काळीज हाय तुमचं! थरथरत्या कप्प्यात साचलेल्या रक्ताची गुठळी डोक्यात गेली म्हंजे?" असं ओरडता ओरडता मलाच रडू फुटलं. हा माणूस मला हवाय, अजून लई वर्षं हवाय.

आप्पा उठून बसले. सदरा अंगात घातला. "आगं, रडतीस कावून? तुझ्या आईच्या वक्ताला डॉक्टर आसंच कायतरी बोललं. मी हो हो म्हणलं. इचारायची लाज वाटली. ती कशानं गेली, मला आजबी सांगता येत न्हाई."

मी खालून पाणी आणि गोळ्या आणल्या. गोळी काय करते, रक्त कसं गोठू देत नाही, सगळं सांगितलं. आप्पांनी एक गोळी गिळली, पेला खाली ठेवला.

"आता तुझ्या आईला काय झालतं, तेबी सांग."