उतरली की चढायचं

निकोलासाबाई शिक्षिका म्हणून डोंगरातून आमच्या गावात आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक पेटी होती, एक जाड घोंगडी होती आणि पत्र्याचा एक लांबट ट्रे होता. हा ट्रे कशाला, म्हणून मी विचारलं. "पोरांना नदी शिकवायला," त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, घ्या! नदीकाठी जन्मलेल्या पोरांना ही डोंगरातली बाई पत्र्यात नदी दाखवणार. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवायला निघाली.

मी ओतिलिया. सान इसिद्रोच्या शाळेत पोरांचा नाश्ता शिजवते. ओट्सची लापशी, डब्यातलं दूध, कधी उकडलेलं रताळं. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एकच बाई. मला मूलबाळ नाही. नवरा राजधानीत, लिमाला, कामाला गेला तो तिकडचाच झाला, त्याचं मी कधीच सुतक धरलं नाही. घरात मी आणि माझा धाकटा भाऊ सिल्वेरियो. त्याने लग्नाचं वय नदीत घालवलं. कोळंबी धरण्यात त्याचा हात धरणारं खोऱ्यात कुणी नव्हतं.

आमच्याकडे पाऊस पडत नाही. पडतो तो वर, डोंगरात, आणि त्याचं पाणी तेवढं आमच्याकडे येतं. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत नदी फुगलेली, गढूळ, आणि कोळंबी धरायला सरकारी बंदीही नेमकी तेव्हाच. पण मध्येच एखाद्या दिवशी पाणी एकदम उतरतं. दगड उघडे पडतात, डबक्यांत कोळंबी वळवळत अडकते. काठावरचा पहिला माणूस तोंडाभोवती हात धरून ओरडतो, "उतरली!" मग चुलीवरचं चुलीवर टाकून सगळा गाव टोपल्या घेऊन खाली. बंदीवाले साहेब येईपर्यंत डबकी रिकामी आणि घराघरांतून कोळंबीच्या रश्श्याचा वास. माझ्या आजीच्या आजीपासून 'उतरली' हा आमच्याकडे सणाचा शब्द.

आणि बाईंनी पोरांना शिकवलं की तो मरणाचा शब्द आहे.

तो धडा मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला. ट्रेमध्ये वाळू भरून त्यांनी वरून उतार केला होता, मधून बोटाने नदी ओढली होती. प्रत्येक पोराने कागदाचं घर करून काठावर मांडलं होतं. बाईंनी वरून तांब्याने पाणी सोडलं. नदी वाहायला लागली, पोरं खूश. मग बाईंनी वरच्या बाजूला ओल्या मातीचा गोळा दाबला.

"आता काय झालं?"

"नदी आटली, बाई!"

"का आटली?"

"तुम्ही माती टाकलीत!"

"डोंगरही टाकतो. कडा कोसळतो आणि पाणी वर अडतं. खाली नदी उतरते, आणि तुमची आई म्हणते, चला कोळंबीला." बाई तांब्यातलं पाणी ओततच होत्या. मातीमागे तळं साचत होतं. मग माती फुटली आणि चिखल, खडे, वाळू सगळं एकदम खाली आलं, आणि गाउदेन्सियाच्या पोरीचं, नायेलीचं घर, निळ्या खडूने रंगवलेलं, ट्रेच्या कडेवरून जमिनीवर पडलं. त्यालाच आम्ही वाइको म्हणतो. आमच्या गावात तो कुणी पाहिला नव्हता. शेजारच्या खोऱ्यातल्या गोष्टी ऐकल्या होत्या, आणि दुसऱ्याच्या खोऱ्यातलं संकट कुणाच्या अंगाला लागतं?

"मग नदी उतरली की काय करायचं?" बाईंनी विचारलं.

उत्तर त्यांनीच पाठ करून घेतलं. उतरली की चढायचं. वर टेकडीवर क्रूस आहे तिथपर्यंत, आणि जाताना मोठ्याने ओरडत जायचं, म्हणजे गावाला कळेल. आणि एकदा वर गेलं की कुणीही, कशासाठीही, खाली यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गाउदेन्सिया शाळेत थडकली. पालकांच्या मंडळाची ती अध्यक्ष, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की कोंबड्यासुद्धा अंगण सोडतात.

"बाई, माझी पोर रात्रभर रडली. म्हणे आपलं घर वाहून गेलं. तुम्हाला वाचायला लिहायला शिकवायला पाठवलंय की पोरांना घाबरवायला?"

"घाबरू द्या थोडी. मेल्यापेक्षा बरं."

"शुभ बोला जरा! डोंगरातून आलात म्हणून डोंगर अंगावर घेऊन फिरता का?"

बाईंना गोड बोलता येत नसे, हा त्यांचा मोठा दोष. तोंडावर हसू नाही, बोलण्यात मऊपणा नाही. गावात आल्यावर माणसाने आधी चार घरी जेवावं, मग अक्कल शिकवावी. यांनी उलट केलं. त्या वर्षी दोनदा नदी उतरली आणि दोनदा बाई पोरांना घेऊन क्रुसापाशी चढल्या. दोन्ही वेळा काही आलं नाही. खाली गावाने पोटभर कोळंबी खाल्ली आणि वर पोरं उन्हात भाजली. लोक त्यांना 'वाइकोबाई' म्हणायला लागले. लांडगा आला रे आला, दुसरं काय. गाउदेन्सियाने सह्या गोळा करून अर्ज दिला आणि शिक्षण कचेरीतून बाईंना ताकीद आली. वरून हुकूम नसताना पोरांना पुन्हा शाळेबाहेर काढलं तर नोकरी गेली समजा.

पुढच्या मार्चमध्ये, उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. ऊन लख्ख होतं. मी लापशी वाढत होते, इतक्यात नदीकडून हाक आली, "उतरली!" आवाज माझ्या सिल्वेरियोचाच. पाठोपाठ दारं वाजली, पावलं धावली, कुणीतरी शीळ घातली.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातात खडू होता, आणि तो हात फळ्यावर तसाच थांबला होता. मला वाटलं, आता ही बसणार. नोकरी कुणाला नको असते? पण पोरं त्यांच्या तोंडाकडे बघायला थांबलीच नाहीत. नायेली आधी उठली, मग तिच्या बाजूचा, मग सगळी. दूध भरलेले पेले तसेच ठेवून रांगेत दारापाशी. बाईंनी खडू खाली ठेवला.

"चला," त्या म्हणाल्या. "ओतिलियाताई, तुम्हीही."

"अहो बाई, लापशी..."

"गॅस बंद करा आणि चला."

मी शिव्या देत चढले, खोटं कशाला सांगू. गुडघे दुखत होते आणि इतकी लापशी वाया जाणार म्हणून माझं डोकं फिरलं होतं.

क्रुसापासून सगळं पात्र दिसतं. नदी नव्हतीच तिथे. नुसते ओले दगड, मध्ये चमकणारी डबकी, आणि त्यांत वाकलेला आमचा गाव. पोरांनी शिकवल्याप्रमाणे तोंडाभोवती हात धरले आणि जिवाच्या आकांताने ओरडायला सुरुवात केली.

"उतरली! उतरली!"

खालच्यांनी माना वर केल्या. हसले. गाउदेन्सियाने टोपली उंच धरून हलवली. कुणीतरी ओरडलं, "हो रे पोरांनो, उतरली! रात्री खायला या!"

पोरं आणखी जोरात ओरडली. खालचे आणखी हसले. तेव्हा मी बाईंचा चेहरा पाहिला. तो पांढराफटक पडला होता. त्यांनी पोरांना शब्दाचा नवा अर्थ शिकवला होता, पण आईबापांसाठी तो जुनाच होता. पोरं मरण मरण म्हणून ओरडत होती आणि खाली ऐकू जात होतं, सण, सण.

"थांबा," बाई म्हणाल्या. "गप्प बसा सगळे."

पोरं गप्प झाली. आणि त्या शांततेत मला वास आला, ओल्या मातीचा, कुदळीने खोल खणल्यावर येतो तसा. आमच्या कोरड्या टेकडीवर असला वास यायचं काही कारणच नव्हतं.

"आता 'उतरली' म्हणायचं नाही," बाई म्हणाल्या. "आपापल्या आईला, बापाला, आजीला हाक मारा. म्हणा, मी पडले, माझा पाय मोडला, लवकर ये. रडून म्हणा."

नायेली म्हणाली, "पण बाई, आम्ही पडलो नाही."

"माहीत आहे."

"खोटं बोलायचं नाही असं तुम्हीच..."

"आज बोलायचं! ओरड!"

आणि ती ओरडली. "आई गं! पडले गं! आई!" मग सगळी. आधी नाटकी, पण मग पहिलीतली दोन खरंच रडायला लागली आणि त्यांच्यामागे सगळी खरी रडली. असा आकांत परत कधी कानी पडू नये. खाली टोपल्या पडल्या. गाउदेन्सिया दगडांवरून अशी धावत सुटली की तिची चप्पल मागे राहिली. तिच्यामागे बाकीच्या आया, बाप, आज्या, आणि ज्यांची पोरं शाळेत नव्हती तेही, शेजाऱ्याच्या घरी काय झालं म्हणून. सगळे टेकडी चढत होते.

गाउदेन्सिया वर आली. नायेलीला चाचपून पाहिलं, पाय, हात, डोकं. पोर धडधाकट. तशी ती वळली आणि तिने बाईंच्या थोबाडीत मारली. आवाज सगळ्यांनी ऐकला.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "नंतर अजून मारा," त्या म्हणाल्या. "आधी बघा, खाली कोण राहिलं."

मी पाहिलं. माझा भाऊ राहिला होता.

हाका त्याने ऐकल्या असणारच. पण ती हाक त्याची नव्हती. त्याला आई म्हणून, बाबा म्हणून वरून बोलावणारं कुणी नव्हतं. तो काय करत होता सांगू? लोकांनी टाकलेल्या टोपल्या गोळा करत होता. सांडलेली कोळंबी परत भरत होता, पळून जाऊ नये म्हणून. लोकांची मेहनत वाया जाऊ नये म्हणून! असला तो मूर्ख, असला चांगला.

"सिल्वेरियो! वर ये!"

"येतो गं! एवढ्या दोन राहिल्यात!"

मी निघाले. दोन पावलं टाकली असतील, तोच माझं मनगट कुणीतरी धरलं.

"कुणी खाली जायचं नाही," बाई म्हणाल्या.

"सोडा! माझा भाऊ आहे तो!"

"माहीत आहे."

मी त्यांना चावले. खरंच चावले, हातावर. त्यांनी सोडलं नाही. मग मागून दोन हातांनी माझ्या कमरेला मिठी मारली. ती गाउदेन्सिया होती. नुकतीच ज्या बाईला तिने मारलं होतं, तिच्याच बाजूने ती मला ओढत होती.

आधी आवाज आला, ट्रकमधून दगड ओतावेत तसा, पण तो थांबेना. सिल्वेरियोने मान वर करून नदीच्या वळणाकडे पाहिलं. मग तो धावला. चांगला धावला. दोन्ही हातांत टोपल्या होत्या आणि त्या त्याने शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. वळणावरून आलं ते पाणी नव्हतं, तपकिरी भिंत होती, तिच्यात उभीच्या उभी झाडं होती. ती गेली तेव्हा शाळा नव्हती, खालची घरं नव्हती, आणि तो नव्हता.

तो सापडलाही नाही.

नंतर लोक बाईंच्या पाया पडायला आले. कचेरीतले साहेब आले, फोटो काढून गेले. मी मात्र बाईंशी बोलले नाही. शाळा तंबूत भरायला लागली, मी तिथेही शिजवत होते. त्यांच्यापुढे ताट आदळत होते. त्यांनी मला धरलं नसतं तर मीही गेले असते, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण माणसाचं मन असं हिशेबाने चालतं का? मला राग आला होता आणि तो माझा होता.

एक दिवस त्या तंबूच्या स्वयंपाकाच्या बाजूला आल्या. नेहमीसारखंच तोंडावर हसू नाही.

"ओतिलियाताई, त्याला हाक मारायला माझ्याकडे मूल नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी विचारच केला नव्हता. चुकलं माझं." आणि उभ्या उभ्या रडायला लागल्या. मी कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या हातात डाव होता, तो टाकून मी त्यांना जवळ घेतलं, आणि मग आम्ही दोघी रडलो.

त्यानंतर बाईंनी नवा धडा काढला. गावात ज्यांना शाळेत जाणारं पोर नाही, म्हातारे, एकटे, सगळे, त्यांना एकेक पोर वाटून दिलं. महिन्यातल्या एका रविवारी सराव असतो. पोरं टेकडीवर जातात आणि आपल्या माणसाला नावाने हाक मारतात. माणूस वर पोचेपर्यंत हाक थांबवायची नाही.

माझ्या वाट्याला नायेली आली. गाउदेन्सियाने स्वतः तिला माझ्या दारात आणून उभं केलं. "ही आता तुझीपण," ती म्हणाली आणि लगेच निघून गेली, कारण रडताना दिसणं तिला आवडत नाही.

रविवारी मी माझ्या अंगणात बसलेली असते. वरून आवाज येतो, "ओतिलियामावशी! मी पडले! ये गं!" खोटं आहे हे मला पक्कं माहीत असतं. तरी माझ्या छातीत धस्स होतं आणि मी हातातलं असेल ते टाकून धावत सुटते.

वर पोचले की ती कमरेवर हात ठेवून उभी. "मावशी, आज पुन्हा उशीर केलास."

"अगं, गुडघे दुखतात माझे."

"दुखू देत. मी बोलावलं की यायचं. कळलं?"

"कळलं," मी म्हणते. आणि दम खात, तिचा हात धरून खाली पात्राकडे बघताना मनात येतं, इतकं हक्काने दटावणारं एक जरी पोर माझ्या सिल्वेरियोला असतं.