सकाळी न फिरणारा पंखा

आमच्या घरात जे जे गंजू शकतं, त्या सगळ्याला आमच्या ह्यांनी खोबरेल पाजलेलं असतं. दाराच्या बिजागऱ्या, कात्री, अडकित्ता, सायकलची साखळी, शिलाई मशीन. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड तेलाशिवाय टिकत नाही, हे ह्यांचं एकमेव शास्त्र. आणि तेल आपल्याच नारळांचं, म्हणजे त्यात खोट असणं शक्य नाही. मशीनचं तेल वेगळं असतं, दुकानात मिळतं, हे मी लग्नानंतर बरीच वर्षं सांगितलं. मग ते कलम माझ्या यादीतून खोडून टाकलं. काही माणसांवर शाई वाया घालवू नये.

दोन हजार साल उलटल्यावर मी टाइपरायटर विकला आणि पुढच्या खोलीत कॉम्प्युटर घेतला. अर्ज, बायोडाटा, लग्नपत्रिकांचे मजकूर, सोसायट्यांच्या नोटिसा अशी कामं यायची. वर्षभर नीट चाललं. पुढच्या पावसाळ्यात आतून खरखर ऐकू येऊ लागली, ती गणपतीनंतर आपोआप थांबली. आपोआप काही थांबत नसतं, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण कामं साठली होती.

थंडी पडली आणि नवीन तऱ्हा सुरू झाली. सकाळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: सीपीयू फॅन एरर. पुढे जायचं असेल तर एफ वन दाबा. दाबलं की बिचारा पुढे जायचा, आणि फाइल उघडायच्या आत फट्‌कन बंद. दुपारी मात्र शहाण्यासारखा चालायचा.

मी कॉम्प्युटर क्लासच्या सरांना बोलावलं. सर घाटावरून आलेले. क्लासच्या भिंतीवर तीन फ्रेम लावलेल्या, आणि 'मदरबोर्ड' हा शब्द ते ज्योतिषाने 'शनी' म्हणावं तसा उच्चारत. अकराच्या आधी ते कुणालाही दिसले नाहीत. जेवून, पान खाऊन, बाराच्या पुढे आमच्याकडे आले. दारात चपला काढल्या, मलाही काढायला लावल्या, हात पाठीमागे बांधून कॉम्प्युटरकडे लांबूनच बघितलं. बटण दाबलं. चालू झाला.

"चालतोय की, मॅडम."

"सकाळी चालत नाही, सर. सकाळच्या थंडीने होत असेल का?"

ते हसले. "ही थंडी? आमच्याकडे ह्याला उन्हाळा म्हणतात. आणि कॉम्प्युटरला थंडी हवीच असते. व्हायरस आहे. चपला घालून कुणी येतं का आत?"

असे ते तीनदा आले. तिन्ही वेळा दुपारी. झाकण एकदाही उघडलं नाही. सकाळी येऊन बघा म्हटलं, तर सकाळी लेक्चरची तयारी असते म्हणाले. त्या तयारीत अंथरूण-पांघरूणही येत असावं.

मग तो दिवस आला. शेजारच्या मोहल्ल्यातले एक भाई जहाजावर स्वयंपाकी होते. कंपनी बुडाली म्हणून वर्षभर घरी बसलेले. बायको दुसऱ्यांचे कपडे शिवून घर चालवत होती. मुंबईत एका जहाज कंपनीने बोलावलं होतं, पण बायोडाटा कॉम्प्युटरवर छापलेला हवा असा निरोप होता. मी आदल्या संध्याकाळी तो टाइप केला, दर चार ओळींना सेव्ह केला, आणि छापायला घेणार तोच वीज गेली. ती पहाटे आली. भाई सकाळी बॅग घेऊनच हजर. दहाची गाडी.

बटण दाबलं. पांढरी अक्षरं.

भाई पायरीवर बसले. "वहिनी, ह्या खेपेला नाय झालं तर पोराचं कॉलेज बंद करायला लागेल," एवढंच म्हणाले.

मी झाकणाचे स्क्रू काढले. आतला पंखा बोटाने ढकलला. चिखलात रुतल्यासारखा अर्धा वळून थांबला. पात्यांच्या मध्यभागी पांढुरकं काहीतरी साचलं होतं, साबणासारखं. एवढ्यात आमचे हे न्हाणीघरातून डोक्याला लावायची तेलाची बाटली घेऊन आले. तेल थिजलेलं, चमच्याच्या दांड्याने टोकरत होते.

"अगं, चूल पेटलीय का? तेल पातळ करायचंय."

मी बाटलीकडे बघितलं. मग पंख्याकडे.

"अहो, ह्याला तेल घातलंत?"

"मग! गणपतीत घातलं. खरखर कशी थांबली बघ. कुणी विचारलंच नाही मला."

ह्या माणसाला मोठ्याने बोलून उपयोग नसतो, आणि वेळही नव्हता. मी तारा सोडवल्या, कॅबिनेट उचलून अंगणात उन्हात ठेवलं, उघडी बाजू सूर्याकडे. शेजारी तेलाची बाटली. बाटलीतलं सुटलं की पंख्यातलं सुटणार, दुसरं मोजमाप नको.

"वाळवण घातलंस काय?" हे म्हणाले. "कावळे हाकायला बसू?"

"बसा. तेवढं तरी जमेल."

भाई बाटलीवरून नजर हलवेनात. "जहाजावर भाताला वाफ येईतो असाच बसतो मी," म्हणाले. कडेने तेल सुटलं, मग पांढरा गोळा तरंगू लागला, मग तोही विरघळला. मी जुन्या धोतराच्या फडक्याने पंखा पुसून काढला, पात्याला बोट लावलं. गरगर फिरला. आत नेऊन तारा जोडल्या. पांढरी अक्षरं आली नाहीत. दोन प्रती छापल्या. भाईंनी त्या फाइलीत घातल्या, फाइल शर्टाच्या आत घातली आणि रिक्षाकडे धावले.

दुपारी सर आले. बटण दाबलं, चालला.

"बघा! गेला ना व्हायरस?"

"हो. उन्हात वाळत घातला होता."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली. पुढच्या आठवड्यात क्लासमधल्या एका मुलीने मला विचारलं, व्हायरस उन्हाने खरंच मरतो का हो? सरांनी सांगितलंय.

सर येऊन गेले त्याच संध्याकाळी मी बाजारातून नवीन पंखा आणला आणि स्वतः बसवला. चार स्क्रू, एक वायर. ह्याच कामासाठी तीनदा चपला काढल्या होत्या.

भाईंचा मुंबईहून फोन आला. "वहिनी, घेतला मला. सोमवारी जहाज."

मी फोन ठेवला तर हे शेजारीच उभे. सगळं ऐकलेलं.

"बघ," म्हणाले, "आपल्या खोबरेलाने कुणाचं वाईट होत नाही."

तेव्हापासून मी रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी झाकण काढून नव्या पंख्याच्या पात्याला बोट लावून बघते, तेलकट आहे का.